बायोडाटातली रिकामी वर्षं एका ओळीत लिहा

बायोडाटात दोन वर्षांची मोकळी जागा दिसली की जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतही पहिला प्रश्न तोच येतो : "मधे काय करत होता?" उत्तर कागदावरच असलं तर बोलणं लवकर कामाकडे वळतं.

1. खंडाला नोकरीसारखीच एक ओळ द्या, महिना-वर्षासह. उदा. ‘जून 2022 ते मार्च 2024 : रावेर येथे घरची केळीबाग सांभाळली, मजुरांची हजेरी, ठिबकचं वेळापत्रक, विक्रीचा हिशेब.’ स्टोअर किंवा सुपरवायझरच्या जागेसाठी हा अनुभवच आहे, तो गाळू नका.

2. आजारपण किंवा बाळंतपण असेल तर ‘आरोग्याच्या कारणाने खंड, आता पूर्णवेळ उपलब्ध’ एवढं पुरे. लग्न-मुलांबद्दल विचारलं, तर "शिफ्टच्या वेळा मला जमतील" म्हणून थांबा. हे फक्त बायकांनाच विचारणं अन्यायाचंच आहे.

3. अर्जाआधी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांची नोंद, उघडा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर पीएफच्या शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ‘मार्क एग्झिट’मधून ती स्वतः भरता येते. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. तारीख अनुभवपत्राशी ताडूनच भरा.

खंड झाकायला जुन्या नोकरीच्या तारखा मात्र ताणू नका. पीएफची नोंद आणि बायोडाटा शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो, आणि हाती आलेली ऑफर जाते.