डच अग्निसुरक्षेची पदनावं इंग्रजीत नेताना

रॉटरडॅम बंदरातल्या कारखान्यांच्या करारांत किंवा बायोडेटांत आलेली डच पदनावं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेली, तर माणसाचं कामच बदलून जातं. म्हणून आधी हा माणूस प्रत्यक्षात करतो काय, ते कागदात शोधा.

वेल्डिंग-कटिंग चालू असताना ठिणगीवर नजर ठेवणारा 'ब्रांटवाख्त' म्हणजे फायर वॉच. त्याला फायरमन लिहू नका. टाकीच्या तोंडाशी उभा राहून आत कोण गेलं, कोण बाहेर आलं हे टिपणारा 'मानखाटवाख्त' म्हणजे होल वॉच. कंपनीच्या अग्निशमन तुकडीचा प्रमुख 'बेव्हेलव्हुर्डर' ब्रिटिश वाचकासाठी क्रू कमांडर.

सगळ्यात जास्त घोळ 'बीएचव्ही' या आद्याक्षरांचा. ही अक्षरं म्हणजे कंपनीतली आपत्कालीन मदतव्यवस्था; त्यातला माणूस, 'बीएचव्ही-एर', आपलं रोजचं काम सांभाळून प्रथमोपचार करतो, छोटी आग विझवतो, लोकांना बाहेर काढतो. तो अग्निशमन दलाचा जवान नव्हे. इन-हाऊस इमर्जन्सी रिस्पॉन्डर हेच बरोबर.

एक काळजी घ्या: पदनाव पहिल्यांदा येईल तिथे मूळ डच शब्द शेजारी राहू द्या. प्रमाणपत्राशी ताडून पाहणाऱ्याला तोच लागतो.