फिशबोर्नचा रोमन महाल आणि बॉझम बंदर: लंडनहून एका दिवसाची तयारी

तारीख ठरवण्याआधी भरतीचं वेळापत्रक उघडा, रेल्वेचं नंतर. चिचेस्टर खाडीत अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती नेमकी दुपारच्या आसपास येते आणि बॉझमचा किनाऱ्यालगतचा शोर रोड पाण्याखाली जातो. अष्टमीच्या सुमाराला भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी असते, दुपारी खाडीत नुसता चिखल. छापील तक्ते बहुधा ग्रीनिच वेळेचे असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. हा तास विसरला की सगळं नियोजन फसतं.

दुपारी भरती असेल तर सकाळी आधी महाल, मग बंदर. भरलेली खाडी आणि हेलकावणाऱ्या होड्या बघायच्या तर भरतीच्या अर्धा तास आधी धक्क्यावर असावं.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून चिचेस्टरला साधारण दीड तास लागतो. पुढचं स्टेशन फिशबोर्न, त्याच्या पुढचं बॉझम. या दोन्ही ठिकाणी प्रत्येक गाडी थांबत नाही, म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा. 3 ते 9 जण बिगर-गर्दीच्या वेळी एकत्र प्रवास करणार असतील तर ग्रुपसेव्ह या रेल्वेच्या गट-सवलतीत एक तृतीयांश सूट मिळते. अकरा जण असाल तर सहा आणि पाच असे दोन गट करून तिकिटं काढा. नऊ आणि दोन केलेत तर त्या दोघांना सूट नाही. महालाचं गट-आरक्षण आधीच करा आणि उघडण्याचे दिवसही तपासा, हिवाळ्यात ते बदलतात.

महालाला दोन तास तरी द्या. इ. स. 75 च्या सुमाराचं हे बांधकाम 270 च्या आसपास जळालं आणि 1960 मध्ये पाण्याची पाइपलाइन टाकताना सापडलं. डॉल्फिनवर बसलेल्या क्युपिडच्या (रोमन प्रेमदेवतेच्या) मोझेक फरशीपाशी सगळे थांबतातच, पण इतर फरश्यांची वर-खाली झालेली पातळीही बघा: खालची जुनी भरलेली खणती खचत गेली, तशी फरशीही खचली. बागेतली झुडपं रोमन काळातल्या चरांच्या खुणांवरूनच लावली आहेत.

बॉझम स्टेशनपासून धक्का सुमारे दोन किलोमीटर. आजी-आजोबा बरोबर असतील तर टॅक्सी आधी सांगून ठेवा. गाडीने जाणाऱ्यांनी बॉझम लेनवरच्या पैसे भरायच्या वाहनतळावरच गाडी लावावी. शोर रोडची मोकळी जागा फुकट वाटते, पण खारं पाणी चाकांपर्यंत चढलं की ब्रेक आणि वायरिंग दोन्ही जातात.

डब्यात दशम्या, कोरडी चटणी, लाडू. रस्सा नको, कारण जेवण धक्क्याजवळच्या कुरणावर होईल आणि समुद्रपक्षी टपलेले असतात. वारा उन्हाळ्यातही बोचतो, एक विंडचीटर हवाच. ओहोटीला मुलांना चिखलात उतरू देऊ नका, तो वरून घट्ट दिसतो आणि पाय आत रुततो. होली ट्रिनिटी चर्चला वीस मिनिटं पुरतात. बाय्यू टेपेस्ट्रीत, म्हणजे 1066 च्या नॉर्मन स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या भरतकामाच्या पट्टीत, पुढे इंग्लंडचा राजा झालेला हॅरॉल्ड इथेच येताना दाखवला आहे, त्या दृश्याचा फोटो फोनवर आधीच उतरवून घ्या.