कोंबड्यांचं खुराडं मुंगसापासून कसं वाचवलं (माझा अनुभव)

आमच्याकडे कोकणात गावठी कोंबड्या पाळायच्या तर मुंगूस, उदमांजर आणि घार हे तिघे धरूनच चालावं लागतं. आधी चोर ओळखा. मुंगूस दिवसा येतं, उदमांजर रात्री, आणि घार उघड्यावरची पिल्लंच उचलते. माझ्याकडे भर दुपारी अंड्यावरची कोंबडी मान फोडलेली सापडली, म्हणजे मुंगूसच.

षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, शिकारी बाहेर ठेवत नाही. ती दातांनी ओढली की उसवते. मी ती काढून अर्धा इंची वेल्डेड जाळी बसवली. खरा फरक पडला तो जमिनीलगत. मुंगूस उकरून आत शिरतं, म्हणून तीच जाळी खाली वळवून बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरली आणि वर माती, चिरे टाकले. ते भिंतीलगत उकरतं, जाळी लागते, मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही. दाराखालची फटही बुजवा; डोकं शिरलं की अंग शिरतंच.

घारीसाठी जुनं मासेमारीचं जाळं अंगणावर ताणलं. पिल्लं मोठी होईपर्यंत डालग्याखालीच.

कुणी विष किंवा फासे सुचवतील, ऐकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि ते शेतातले उंदीर, सापही खातं. मला ते बांधावर हवंच आहे.

त्यानंतर खुराड्यातली एकही कोंबडी गेलेली नाही. पावसाळ्यात माती वाहून जाते, तेव्हा जाळीची कड तेवढी तपासत राहा.