वजनाच्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

‘ताई, मी करू का ऑपरेशन?’ असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. 2019 साली पुण्यात माझं गॅस्ट्रिक बायपास झालं. तेव्हा वजन 112 किलो, उंची 155 सेंटीमीटर, नऊ वर्षांचा मधुमेह आणि दिवसातून दोनदा इन्शुलिन. शाळेत वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाताना जिन्याच्या मध्ये दम खायला थांबायचे आणि मुलं माझ्या बाजूने पळत पुढे जायची. फोनवर मी ‘कर’ किंवा ‘करू नको’ असं सांगत नाही. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं असतं. ठरवायचं कसं, एवढं मात्र मला सांगता येतं.

आधी बीएमआय काढा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. माझा 46.6 आला होता. या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये नवे निकष दिले. बीएमआय 35 च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा, आणि 30 ते 35 मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर करावा. आपल्यासारख्या आशियाई लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते, त्यामुळे आपल्यासाठी ही रेषा आणखी खाली, 27.5 पर्यंत येते. विमा कंपनीचा आकडा मात्र वेगळा असतो. पॉलिसीत बहुधा बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, अशी अट असते. आधीचे साधे उपाय फसलेले असावे लागतात, तेही कागदोपत्री. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमा मिळेलच असं नाही. मंजुरी लेखी हातात घ्या, मगच दवाखान्यात पैसे भरा.

मग एका कागदावर लिहा: मला नक्की कशातून सुटायचंय? माझ्या कागदावर साखर आणि रात्री झोपेत अडकणारा श्वास, हे दोनच होते. भाचीच्या लग्नात बारीक दिसायचंय, एवढंच लिहिलं गेलं तर थांबा. ती हौस खरी असते, पण तेवढ्यासाठी जन्मभराची पथ्यं पेलत नाहीत.

पहिल्या दवाखान्यात मला पंधरा मिनिटांत तारीख मिळाली होती. ‘पुढच्या मंगळवारी करून टाकू, आज भरलंत तर सूट.’ ना एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट बघतात ती), ना आहारतज्ज्ञांची भेट. मी उठून आले, आणि आजही मला ते बरोबर वाटतं. दुसऱ्या ठिकाणी सर्जननी एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, थायरॉइड, बी-12, डी जीवनसत्त्व असं सगळं करायला लावलं आणि पुढच्या वेळी यजमानांना घेऊन यायला सांगितलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला आम्लपित्ताने सूज आलेली दिसली, आणि त्यावरूनच शस्त्रक्रियेचा प्रकार ठरला. मुख्य प्रकार दोन. स्लीव्हमध्ये पोटाचा (जठराचा) साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, तो परत येत नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून भूक मंदावते. पण पित्त असलेल्याचं पित्त त्याने वाढू शकतं. बायपासमध्ये पोटाची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. साखरेवर आणि पित्तावर तो चांगला, पण लोह, कॅल्शियम, बी-12 अंगी लागणं कमी होतं. माझी शेजारीण स्लीव्हने खूश आहे, मी बायपासने. दोघींची पोटं वेगळी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हो म्हणण्याआधी पंधरा दिवस, शस्त्रक्रिया झाल्यासारखं जेवून बघा. जेवण कमी करायचं नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाईल. बदलायची ती फक्त पद्धत. घास चमचाभर, चावून पार पातळ होईपर्यंत. एक वाटी संपायला वीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी पनीर, उसळ, अंडं, दही, भात-भाकरी शेवटी. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं मोजून बघा. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम येतात, वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात, तेव्हा शाकाहारी माणसाला बहुधा प्रथिनांची पावडर घ्यावी लागते. रोज ठरल्या वेळी एक कॅल्शियमची गोळी घेताय असं समजून डबीत शेंगदाणा टाका. पंधराव्या दिवशी डबी मोजा. माझ्या डबीत अकरा निघाले. चार दिवस मी विसरले होते, आणि या गोळ्या तर मरेपर्यंत घ्यायच्या असतात. मी तारीख महिनाभर पुढे ढकलली आणि सवय लावून घेतली.

या दिवसांत घरच्यांकडेही लक्ष द्या. सासूबाई पहिल्या आठवड्यात रोज म्हणायच्या, ‘एवढासा घास काय घेतेस, नीट जेव गं.’ त्यांना मी आहारतज्ज्ञांकडे नेलं. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी करायची त्यांनी बंद केली आणि माझ्यासाठी दही-पनीर ठेवायला लागल्या. घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पटलेलं नसेल तर आधी ते पटवा.

त्रासांची यादीही आधीच ऐकून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. माझे मूठमूठ गळले, वर्षाने परत आले. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. बायपासनंतर डोकेदुखीला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी चालत नाही, अल्सर होऊ शकतो. तंबाखू-सिगारेट आधीच सुटलेली हवी. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. मन उदास असताना रात्री उठून डबे रिकामे करायची सवय असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, कारण ती सवय पोट लहान केल्याने जात नाही.

2025 मध्ये तिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून त्यांबद्दलही सगळे विचारतात. जरूर विचारा, कमी बीएमआयच्या अनेकांना तोच रस्ता बरा. पण औषध थांबलं की वजन बहुधा परत येतं, तेव्हा किती वर्षांचा खर्च झेपेल ते आधी मांडा.

माझं वजन दीड वर्षात 71 वर आलं होतं, आज 78 आहे. इन्शुलिन सुटलं, एक गोळी उरली.

सर्जनना भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता? आतल्या टाक्यांतून गळती होऊन रात्री दोन वाजता ताप चढला तर मला कोण बघेल? आणि पाचव्या वर्षी माझं बी-12 कोण तपासेल? तिन्हींची उत्तरं मिळाली की तारीख मागा.