उडत्या शिकारी पक्ष्यांचे फोटो: या चुका टाळा

घार डोक्यावरून गेली, वीस-पंचवीस फोटो काढले आणि एकही शार्प नाही. अशा वेळी खापर लेन्सवर फुटतं. नवी लेन्स बघायच्या आधी तेच फोटो १०० टक्के मोठे करून बघा. अस्पष्टपणाचेही प्रकार असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा.

डोळा स्पष्ट, पण पंखांची टोकं पुसट असतील तर शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून मिटतं ते) कमी पडला. संथ तरंगणाऱ्या घारीला १/१६०० सेकंद पुरतो. झपाझप पंख मारणाऱ्या शिक्र्याला १/३२०० लागतो. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढेल, वाढू द्या. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, नंतर कमी करता येतो, हललेला फोटो तसाच राहतो.

पक्षी धूसर आणि मागचं झाड मात्र लख्ख? फोकस मागे घसरला. कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यामागे सतत जुळत राहणारा) आणि एका फोकस-बिंदूऐवजी छोटा झोन ठेवा, आणि पक्षी लांब असतानाच त्याला पकडा. अंगावर आल्यावर शोधायला गेलात तर फ्रेममध्ये नुसतं आभाळ मिळतं.

तिसरा प्रकार फसवा. सगळंच वाहत्या पाण्यातून पाहिल्यासारखं, कडा लहरी. ही तापलेल्या जमिनीवरची हवा. इथे कुठलंही सेटिंग कामाचं नाही. गंमत अशी, की ज्या गरम हवेवर गरुड-गिधाडं वर चढतात तीच फोटो बिघडवते. म्हणून सकाळी लवकर जा. पक्षी तेव्हा बसलेला असतो, पण तो पुढे झुकला किंवा शिटला की बोट शटरवर ठेवा, बहुतेकदा तो उडणार असतो. उड्डाण साधारण वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून होतं. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा निवडा. पाठमोऱ्या शेपट्यांचे फोटो आपोआप कमी होतील.

आता पक्ष्याचा काळा ठिपका होण्याबद्दल. उजळ आभाळ पाहून कॅमेरा सगळाच फोटो गडद करतो, म्हणून लोक एक्स्पोजर एक-दीड स्टॉप प्लस करतात, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ करतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आभाळापुरतं ते ठीक. पण तोच पक्षी खाली येऊन गर्द डोंगरासमोर आला की पांढरा फटक होतो. खरं तर त्याच्यावरचं ऊन तेवढंच आहे, बदलली ती फक्त पार्श्वभूमी. माझ्या मते ऊन स्थिर असेल तर पूर्ण मॅन्युअल (सगळी सेटिंग्ज आपणच ठरवलेली) बरं: ऑटो आयएसओ बंद, एक चाचणी फोटो, आणि ढग येईपर्यंत हात लावायचा नाही.

राहता राहिला बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढणं. पक्षी ठिपक्याएवढा असल्यापासून बटण दाबून धरलं, तर तो झेपावतो नेमकं तेव्हाच बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून कॅमेरा अडखळतो. लांब असताना दोन-तीनच फोटो घ्या. पंजे खाली सुटले की मग बोट दाबून धरा.