रिपोर्टमध्ये ‘प्लाक’ लिहून आलं, तर तो कसा वाचायचा?

आधी तपासणी कशाची होती ते पाहा. दात, धमनी, त्वचा आणि मेंदू, चारही ठिकाणी हाच शब्द येतो, पण वस्तू चार वेगळ्या.

दातांवरचा प्लाक म्हणजे जंतूंचा चिकट थर. हिरडीच्या कडेला नखाने हलकेच खरवडलं की पांढरट लगदा निघतो, तोच. मऊ ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरपा धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा. राहिलेला थर काही दिवसांत दगडासारखा घट्ट होतो. मग ब्रशने निघत नाही, स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून उपकरणाने दात साफ करणं, करावं लागतं. स्केलिंगने दात हलतात हा गैरसमज आहे. हिरडी आधीच सैल झालेली असते, दगडामुळे ते कळत नाही एवढंच. खर्ऱ्याचे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे) तपकिरी डाग वेगळे, पण तेही स्केलिंगमध्येच निघतात.

धमनीतल्या प्लाकला मात्र वेळ द्या. हा चरबी, पेशी आणि चुन्याचा थर नळीच्या भिंतीत साचतो. नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा खासगी सेंटर, कॅरोटिड डॉपलर (मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी) कुठेही केलेला असो, रिपोर्टमध्ये दोन गोष्टींखाली पेनाने रेघ ओढा: प्लाकचा प्रकार आणि स्टेनोसिसचा, म्हणजे नळी किती अरुंद झाली त्याचा, टक्का. ‘कॅल्सिफाइड’ म्हणजे चुना बसलेला. ‘सॉफ्ट’ म्हणजे चरबी जास्त आणि बहुधा वरचं कवच पातळ. ते फाटलं तर त्यावर रक्ताची गाठ धरते. म्हणून टक्का कमी आहे एवढ्यावरून निर्धास्त होऊ नका. ५० टक्क्यांखाली सहसा गोळ्या, बीपी-शुगर ताब्यात ठेवणं आणि खर्रा-बिडी पूर्ण बंद. ७० टक्क्यांवर, त्यातही लकव्याची लक्षणं येऊन गेली असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) स्वतःहून सोडू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा आणि लगेच १०८ लावा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं.

त्वचेवर एक सेंटिमीटरहून मोठा, उंचवट्याचा चट्टा म्हणजे प्लाक. कोपर, गुडघे, टाळूवर चंदेरी पापुद्रे असतील तर बहुधा सोरायसिस. तो स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचं ताट-टॉवेल वेगळं ठेवू नका. नागपूरच्या कोरड्या थंडीत तो वाढू शकतो, तेव्हा आंघोळीनंतर लगेच व्हॅसलीन लावा. गजकर्ण समजून दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब आणू नका.

मेंदूच्या एमआरआयमधला प्लाक बहुधा मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मज्जातंतूंचं आवरण खराब होण्याचा आजार) असतो. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. हा रिपोर्ट घेऊन थेट न्यूरोलॉजिस्टकडे जा.