हिपॅटायटिसच्या संशोधनासाठी यकृताच्या पेशी कशा सांभाळाव्यात

हिपॅटायटिसवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचे सारे लक्ष विषाणूकडे असते. विषाणू मात्र जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, आणि ती पेशी कोणती, किती निरोगी व किती जुनी यावर पुढचा प्रत्येक निष्कर्ष ठरतो. म्हणून विषाणूला हात लावण्याआधी काही महिने केवळ पेशी वाढवण्यात घालवावेत, असे माझे ठाम मत आहे. पुढील सूचना त्याच टप्प्यासाठी आहेत.

पहिला प्रश्न सेल लाइनच्या, म्हणजे एका मूळ नमुन्यापासून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या, निवडीचा. हूह-७ ही सेल लाइन १९८२ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या यकृताच्या गाठीपासून तयार झाली. हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, तरी त्याचे पूर्ण जीवनचक्र पेशींमध्ये पाहायला २००५ साल उजाडावे लागले, आणि तेही जेएफएच-१ हा विशिष्ट प्रकार व हूह-७ कुळातील पेशी यांची जोडी जमली तेव्हा. या कुळातील हूह-७.५ या पेशींमध्ये विषाणूची चाहूल घेणारी रिग-आय ही यंत्रणा सदोष असते, त्यामुळे तेथे विषाणूला प्रतिकार कमी होतो. मात्र नैसर्गिक प्रतिकाराचा अभ्यास करायचा असेल, तर नेमक्या याच कारणासाठी त्या पेशी टाळाव्या लागतात. दुसरी प्रसिद्ध सेल लाइन हेपजी-२. तिच्या पृष्ठभागावर एनटीसीपी हे प्रथिन जवळजवळ नसते, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू याच प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. साध्या हेपजी-२ पेशींना त्या विषाणूचा संसर्ग का होत नाही, याचे उत्तर त्यातून मिळाले. तेव्हा ‘यकृताची पेशी’ एवढी ओळख पुरेशी नाही; आपल्या प्रश्नाला लागणारे गुण तिच्यात आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

शेजारच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला पेशींचा फ्लास्क सोयीचा वाटतो, पण तो मोह टाळावा. ‘चांग लिव्हर’ या नावाने अनेक वर्षे यकृताच्या म्हणून वापरल्या गेलेल्या पेशी प्रत्यक्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या हेला पेशी आहेत, आणि त्यांच्यावर यकृताचे निष्कर्ष काढणारे कितीतरी शोधनिबंध छापले गेले आहेत. पेशी नेहमी अधिकृत भांडारातूनच घ्याव्यात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात असे भांडार आहे. पेशी मिळाल्यावर, आणि पुढेही ठरावीक काळाने, त्यांची एसटीआर पद्धतीची डीएनए ओळखचाचणी करून घ्यावी.

रोजचे काम दिसायला सोपे आहे. हूह-७ साठी डीएमईएम या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, १० टक्के गाईच्या गर्भाचे सीरम व ‘नॉन-एसेन्शियल’ गटातील अमिनो आम्ले घालतात, आणि फ्लास्क ३७ अंश सेल्सिअस तापमान व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. फ्लास्कचा तळ सुमारे ८० टक्के भरला की पेशी बफरने धुऊन ट्रिप्सिन या विकराने तळापासून सोडवाव्यात, सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोल होऊन सुटताना दिसल्या की लगेच सीरमयुक्त मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवावे, आणि मग त्या नव्या फ्लास्कमध्ये वाटून द्याव्यात. हेपजी-२ पेशी पुंजक्यांनी वाढतात. ते पुंजके पिपेटने हळुवार फोडले नाहीत, तर पेशींची मोजणी चुकते आणि नव्या फ्लास्कमध्ये बेटांसारखी असमान वाढ होते. प्रत्येक पॅसेजचा, म्हणजे पेशी अशा नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या खेपेचा, क्रमांक फ्लास्कवर आणि वहीत लिहावा, कारण जुन्या होत गेलेल्या पेशी मूळ पेशींसारख्या वागत नाहीत.

सर्वांत दगाबाज शत्रू म्हणजे मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. इतर जिवाणूंची लागण झाली तर मीडियम गढूळ होते, बुरशी डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा मात्र मीडियम स्वच्छ ठेवूनच पेशींचे पोषण आणि चयापचय बिघडवतो. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचा त्यावर परिणाम होत नाही, आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. त्यामुळे दर महिन्याला पीसीआर चाचणी करावी. लागण सापडली तर औषधोपचाराच्या फंदात न पडता तो फ्लास्क नष्ट करून गोठवलेल्या शुद्ध साठ्यातून पुन्हा सुरुवात करणे, हेच बहुतेक वेळा शहाणपणाचे असते.

सुरक्षेचे नियम विषाणू आणण्याआधीपासूनच पाळावेत. पीएलसी/पीआरएफ/५ या यकृतपेशींच्या डीएनएमध्ये हिपॅटायटिस बी च्या विषाणूचे तुकडे मुळातच गुंतलेले आहेत. काम द्वितीय वर्गाच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे व ॲप्रन घालून करावे, तोंडाने पिपेट कधीही ओढू नये, आणि टाकाऊ मीडियम ब्लीचने किंवा ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावे. हिपॅटायटिस बी ची लस घेऊन प्रतिपिंडांची पातळीही तपासून घ्यावी. हिपॅटायटिस सी साठी मात्र लसच नाही. प्रत्यक्ष विषाणूचे काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच सुरू करावे.

पेशी आल्या की लवकरात लवकर, कमी पॅसेजमध्येच त्यांचा साठा करावा. सीरम व १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फाच्या इजेपासून वाचवणारे द्रव्य) असलेल्या मीडियममध्ये पेशी मिसळून, मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने तापमान उणे ८० पर्यंत उतरवावे आणि मग कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये हलवाव्यात. गोठवताना जितका सावकाशपणा हवा, तितकीच घाई वितळवताना करावी, कारण डीएमएसओ सामान्य तापमानाला पेशींना अपाय करते. साठा झाल्यावर काही दिवसांनी एक कुपी वितळवून, फक्त मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजाव्यात, त्या तळाला चिकटून नीट वाढतात का ते पाहावे, आणि तोवर मूळ फ्लास्क मोडीत काढू नये.